मधली चालेल

कंपनीसाठी पिकअप घ्यायचं ठरलं, तेव्हा मला रियाधला येऊन दीड वर्ष झालं होतं आणि गाडीचा परवाना मिळून जेमतेम चार महिने. ही दुसरी गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. सोलापुरात असेपर्यंत मी स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं, हे तर अजिबातच नाही.

आमचं ऑफिस आणि गोदाम शहराच्या कडेला, अल सुलै भागात होतं. विहिरीत सोडायचे पंप आम्ही विकायचो आणि हुफूफकडच्या खजुराच्या मळ्यांत नेऊन बसवूनही द्यायचो. मी खरेदी विभागात होतो, म्हणजे खरेदी विभाग मीच होतो. पंप नेऊन बसवायचं काम चाचांचं. चाचा श्रीवर्धनकडचे, पन्नाशी उलटलेले. ड्रायव्हर तेच, मेकॅनिकही तेच, आणि हाताशी एक फिटर. ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारा तेवढा एकच माणूस होता. दुपारी डबा उघडला की तळलेल्या माशाचा एक तुकडा आधी माझ्या डब्यात यायचा, मग ते जेवायला सुरुवात करायचे.

मुदीरनं, म्हणजे आमच्या सौदी मॅनेजरनं, मला बोलावून सांगितलं की शोरूममध्ये मोठी पिकअप आहे आणि मधली आहे, दोन्ही बघ, कुठली घ्यायची ते लिहून दे. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण माणूस दिलदार होता. म्हणाला, शुक्रवारी सुट्टी, गाडी यार्डात उभीच असणार, तर घरी ने, बायकोमुलांना फिरव.

शोरूमला मी चाचांना बरोबर नेलं. त्यांनी मोठीचं बॉनेट उघडलं नाही, की रेडिओला हात लावला नाही. थेट मागं गेले, फळी खाली पाडली आणि हौद्याची लांबी विती टाकत मोजली. आमचे विहिरीचे लोखंडी पाइप दहा फुटी. फळी खाली ठेवली की ते मोठीच्या हौद्यात निवांत मावत होते. "आडवे झोपतात बघा," असं चाचा स्वतःशीच म्हणाले. लग्नाच्या घरात पाहुण्यांची झोपायची सोय लागल्यावर यजमानाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता. मधलीचा हौदा पाच फुटांचा. तिच्याकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं.

मग मी मोठी चालवून पाहायला बसलो. समोर बॉनेट म्हणजे स्वयंपाकाचा ओटाच. रस्ता कुठं सुरू होतो तेच दिसेना. फाटकातून वळताना मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि धाडकन खाली आलं. सेल्समन हसत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणाला. मला घाम फुटला होता. चाचा खिडकीबाहेर बघत राहिले, जणू समोरच्या टायरच्या दुकानात त्यांना काही महत्त्वाचं दिसलं होतं.

मधलीत बसलो आणि जिवात जीव आला. पहिल्या झटक्यात वळली, रिव्हर्सला एका फटक्यात लागली. मला आमच्या इमारतीखालची अरुंद जागा आठवली, गॅलरीत उभे राहणारे शेजारी आठवले. माझ्या बायकोची जीभ तिखट. मोठी गाडी मागेपुढे करताना ती मुलांसमोर काय बोलेल, तेही ऐकू आलं. तिला तिथं गाडी चालवायची परवानगी नव्हती, बोलायची होती.

गाडीतून उतरून मी चाचांना विचारलं, "चाचा, मधली चालेल ना?"

त्यांनी त्या आखूड हौद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालेल, साहेब."

आता, मराठी माणसाला हे मी सांगायला नको. आपल्याकडे 'चालेल' हा काही होकार नव्हे. चहात साखर विसरली तरी चालेल, पंगतीत भाजी संपली तरी चालेल, मुलीला स्थळ जरा बुटकं असलं तरी चालेल. समोरच्यानं आधीच मनाशी ठरवलंय हे ओळखलं, की आपण तो शब्द त्याच्या हातावर ठेवतो आणि बाजूला होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. मुदीर किंवा इजिप्शियन स्टोअरकीपर फसला असता, तर समजू शकलो असतो. मी सोलापूरचा, मी फसलो नव्हतो. मला हवं होतं ते ऐकलं, एवढंच.

मग मी दोन पानी अहवाल लिहिला. त्यात मधली गाडी किती अॅव्हरेज देते हे तपशीलवार लिहिलं. ज्या देशात पाण्याची बाटली पेट्रोलपेक्षा महाग, तिथं मी लिटरमागं किती किलोमीटर याचा तक्ता काढला. पार्किंग लिहिलं, स्पेअर पार्ट लिहिले. पाइपांसाठी 'केबिनवर कॅरियर बसवून घेता येईल' असं एकच वाक्य लिहिलं. मुदीर हसला, तुम्ही हिंदी लोक हिशेबी, म्हणाला आणि सही केली. खलास.

गाडी आली, कॅरियर बसलं. शुक्रवारी ती माझ्याकडे असायची. बथ्याच्या बाजारातून आम्ही शेपू, शेवग्याच्या शेंगा, मिळाली तर कैरी आणायचो. मी गाडी एका फटक्यात इमारतीखाली लावायचो आणि मुलगा गॅलरीतून "नाइस पार्किंग, बाबा" म्हणायचा. मला फार बरं वाटायचं.

बाकीचे दिवस ती चाचांकडे. हौद्यात पाइप झोपत नव्हते, म्हणून एकेक पाइप दोघांनी डोक्याच्या वर उचलून कॅरियरवर चढवायचा, हुफूफला तसाच उतरवायचा, आणि मळ्यातले जुने पाइप परत तसेच चढवायचे. माझ्या खिडकीतून यार्ड दिसायचं. चाचा हात वर ताणून चवड्यांवर उभे राहायचे, ते मी रोज बघत होतो. मग मी पडदा ओढून घ्यायला लागलो. ऊन येतं, असं बाजूच्या टेबलावर सांगितलं.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्याच्या सुरुवातीला हुफूफच्या एका मळ्यात पाइप चढवताना त्यांच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. दवाखाना झाला, पट्टे झाले, मालिश झालं. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून लिहून दिलं. चाचांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, महिन्याभरात नवा करायचा होता. धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती नोकरीला लागली की मी निघालो, असं ते नेहमी म्हणायचे. अजून दोन वर्षं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुदीरनं मला आत बोलावलं. सरळ प्रश्न विचारला, की गाडीमुळे झालं का, मोठी घ्यायला हवी होती का. तो वाईट माणूस नव्हता. खरं सांगितलं असतं तर त्यानं कदाचित चाचांना गोदामात बसून करायचं काम दिलं असतं. पण खरं सांगायचं तर माझा तो अॅव्हरेजचा तक्ता बाहेर आला असता.

मी म्हणालो, "गाडी ठीक आहे. त्यांचं वय झालं आता."

हे वाक्य मी बोललो. इतकी वर्षं झाली, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायचा प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

इकामा नवा झाला नाही. चाचांच्या पासपोर्टवर कायमचं परत जायचा शिक्का बसला. दुपारच्या विमानाला मी त्यांना सोडायला गेलो, त्याच पिकअपनं. त्यांचा दोरीनं बांधलेला मोठा खोका मला एकट्यालाच उचलावा लागला. हौद्यात चढवताना माझीच कंबर धरली. ते डाव्या हातानं आधार द्यायला धावले, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले की आता तुमचा हात चांगला बसलाय. थोड्या वेळानं त्यांनीच पुन्हा सुरुवात केली. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी चाक फुटपाथवर चढलं ना साहेब, तेव्हाच मला कळलं होतं कुठली गाडी येणार."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग म्हणाले, "शुक्रवारी मीच चालवली असती मोठी. जुम्म्यानंतर मी काय करतो? खोलीवर पडून असतो. तुम्हाला, वहिनींना, पोरांना बाजार दाखवून आणलं असतं. एकदा विचारायचं होतंत."

विमानतळावर गाडी मी एका फटक्यात लावली. ट्रॉलीवर खोका चढवला. माफ करा म्हणायचं, हे मी घरातूनच ठरवून निघालो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणालो, पोचलात की फोन करा.

"चालेल, साहेब," चाचा म्हणाले.

फोन आला नाही. येणार नाही, हे मला तिथं उभ्या उभ्याच कळलं होतं.