एका हाताची धार

मृत्यूपुढे कुणाचंच काही चालत नाही, असं शोकसभेत एका वक्त्याने डोळे मिटून सांगितलं. मळवलीच्या सदाभाऊंचं थोडंसं चाललं, निदान गालांपुरतं. ते गेल्याचं वहिनींनी फोनवर कळवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गेले... पण सकाळचं सगळं उरकून गेले." सकाळचं सगळं म्हणजे दाढी.

भाऊ माझे शेजारी. आंबीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि भातशेती पाहू लागले. आयुष्यभर दाढी केली ती उघड्या वस्तऱ्याने, स्वतःच्या हाताने. गेल्या वर्षी लकव्याने उजवा हात गेला आणि पुण्यातल्या एका उपचार केंद्रात काही दिवस राहायचं ठरलं. लेकीने दाढीचं मशीन आणलं. भाऊंनी ते एकदा गालाला लावलं आणि गिरणीत तोंड घातल्यासारखं वाटतं म्हणून परत दिलं. केंद्रातला माणूस दाढी करून देईल, हे ऐकल्यावर तर त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने सराव सुरू झाला. हनुवटीवर एवढा कापूस चिकटलेला असे, की वहिनी विचारत, उशी फाटली काय?

खरी अडचण धारेची होती. वस्तरा रोज चामड्यावर फिरवावा लागतो, अधूनमधून दगडावर. घरचा दगड विटेएवढा, बॅगेत मावेना. मी मोठ्या हौसेने तळहातावर मावणारा दगड शोधून आणला. भाऊंनी तो डाव्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आता वस्तरा कंच्या हातात धरू?" टांगायचा पट्टाही त्याच कारणाने बाद झाला, तो एका हाताने ताणून धरावा लागतो. शेवटी ओसरीवर बसून आम्ही वीतभर फळी कापली, तिच्यावर चामड्याची पट्टी आणि तो छोटा दगड पुढेमागे चिकटवला, खाली सायकलची ट्यूब लावली. तरी फळी सरकायचीच. मग भाऊंनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि फळीच्या टोकावर ठेवून दिला. फळी हलेना. "लागला कामाला," ते म्हणाले. "लय दिस बसून खात हुता."

केंद्रातल्या तज्ज्ञांनी त्यांना परिस्थितीचा स्वीकार करण्याविषयी बरंच समजावलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी स्वीकारलंय," ते म्हणाले. "माजी दाढी मीच करनार, येवडं तुमी स्वीकारा." तिथून परतल्यावरही रोज तेच चाललं. त्या सकाळीही दाढी केली, जरा पडतो म्हणाले, ते उठले नाहीत.

फळी अजून मोरीच्या खिडकीत आहे. हात ठेवायच्या जागी लाकूड घामाने काळपट झालंय... वहिनी ती कुणाला हलवू देत नाहीत.

बातमी कळताच सगळे होते तसे धावत आले. तिरडीभोवती आम्ही पंचवीसेक पुरुष होतो. त्यात दाढी केलेले तेवढे भाऊच.