लाईनीतला टक्

रिठ्याच्या पाण्याचा वास आला की मला आमच्या हुपरीच्या घरातल्या फोनमधला तो ‘टक्’ आठवतो. आम्ही नवरा-बायकोनं पैंजणांचं दुकान काढलं होतं, आणि पाटीवर लँडलाईनचा नंबर टाकायचा की मोबाईलचा, यावर घरात वाद पेटला होता. सासरे म्हणायचे, “वायरीचा फोन भरवशाचा. घर हाय तिथं नंबर हाय.” मला त्यांचाच भरवसा नव्हता. मी खाली गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की लाईनीत टक् व्हायचं आणि कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. त्याच लाईनीचा दुसरा फोन वर कारखान्यात होता, आणि तिथं सासरे एकटेच आपल्या बैठकीवर कड्या जोडत, रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासत बसलेले असायचे. एकदा पेठ वडगावच्या सराफांचा फोन आला, टक् झालं, तशी मी मुद्दाम म्हणाले, “आमच्या मामंजींचं जोडकाम आता पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय बघा.” “कोण म्हणतंय?” लाईनीतनंच आवाज कडाडला. रात्री जेवताना सासरे ताटातनं मान वर न करता म्हणाले, “पाटीवर मोबाईलच टाका.” मी मनातून खूश झाले. पण मोबाईल घरात आला आणि ते सांगायला लागले, “रेंज फकस्त हितं, माझ्या बैठकीजवळच येती की!” तेव्हा रेंजचा काही नेम नसायचा, त्यामुळं त्यांना खोटं पाडता येईना. आता सासरे नाहीत आणि रेंज घरभर येते. तरी फोन वाजला की मी त्यांच्या रिकाम्या बैठकीजवळ जाते, आणि जरा मोठ्यानंच बोलते.