झोळीची गाठ कोणी मारली होती

ठाण्याहून जव्हारच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर एक निळी पिशवी होती आणि पिशवीत मला नको असलेला झुला होता.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाची पाठ दुखते. त्यावर त्याला गॅलरीत झुला हवा असतो, असं माझ्या सुनेचं मत आहे. ती मला दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने तीन प्रकार मांडले. पहिला सुती दोरीच्या जाळीचा. त्यात पाच मिनिटं पडलं की पाठीवर चौकटी उमटतात. दुसरा जाड कॅनव्हासचा, दोन्ही टोकांना लाकडी दांडे असलेला. त्यात कूस बदलली की माणूस जमिनीवर. तिसरा मुठीत मावेल एवढ्या गुळगुळीत कापडाचा. "काका, हा नायलॉन. दोन माणसांचं वजन सहज घेतो. डोळे मिटून घ्या," असं म्हणून त्याने तो माझ्या हातात कोंबला.

नायलॉन म्हटल्यावर मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. सुनेने तोच घेतला. घरी गेल्यावर मी सांगितलं, चार दिवस जव्हार-मोखाड्याला जाऊन येतो. तिला वाटलं झुल्यामुळे मला हुरूप आला. म्हणाली, सोबत न्या, झाडाला बांधून मस्त पडा.

आता मुद्द्याचं लिहितो. चाळीसेक वर्षांपूर्वी मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर (डोंगरातल्या छोट्या वस्तीवर) शिक्षक होतो. बदली झाल्यावर तिथल्या दिवसांवर एका मासिकात प्रवासलेख लिहिला. लोकांनी वाखाणला. त्यात एक प्रसंग होता. जानी नावाच्या आजारी बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरवत असताना झोळी सुटते आणि ती खडकावर पडते. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'गाठ मारणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या, सोमाच्या, तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता.'

ते वाक्य खोटं आहे. सोमा प्यायलेला नव्हता आणि गाठ त्याने मारलेली नव्हती. ती मी मारली होती. ते सोमाला आणि जानीला तोंडावर सांगायला मी निघालो होतो. मध्ये जे जे आडवं आलं तेही लिहितो, कारण त्या सगळ्याने माझा जीव खाल्ला.

वाडा, विक्रमगड मागे टाकून गाडी चढाला लागली आणि एका वळणावर बंद पडली. भातं कापून झालेली, उतारावरचे तुकडे उघडे पडलेले, मध्येच ऐनाची आणि सागाची झाडं. दृश्य सुंदर होतं आणि मला ते पाऊण तास बघावं लागलं.

जव्हारला ज्या हॉटेलात उतरलो त्याच्या बागेत एका रांगेत पाच झुले टांगलेले. व्यवस्थापक तरुण होता, आदराने बोलणारा. मी म्हटलं, यातला पाठीला बरा कोणता? तो म्हणाला, "काका, हे फोटोसाठी आहेत. झोपत कोणी नाही." तरीही मी एकात बसून पाहिलं. बसलो म्हणजे खचलो. गुडघे नाकाजवळ आणि पाय हवेत. शेजारी फोटो काढणाऱ्या कुटुंबाने कौतुकाने माझाही काढला. शेवटी व्यवस्थापकाने आणि माळ्याने काखेत हात घालून मला उपसलं. रात्रीच्या जेवणाला नागलीची (नाचणीची) भाकरी मागितली, तर ती आदल्या दिवशी सांगावी लागते म्हणे. पनीर लगेच मिळेल. ज्या तालुक्यात नागली पिकते तिथे मी पनीर खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याला पोचलो. स्टँडवर पाड्याकडच्या फाट्याला जाणारी जीप भरत होती. आत चौदा माणसं, टपावर सिमेंटच्या गोण्या आणि पत्रे. ड्रायव्हर खाली उभा राहून टपावरच्या गड्याला सांगत होता, "नीट आवळ. सोम्याची गाठ नको मारू."

मी विचारलं, सोम्याची गाठ म्हणजे काय?

"ढिली गाठ हो काका. सुटणारी. इकडं तसंच बोलतात."

"आणि सोम्या कोण?"

"काय माहीत. असंल कोणतरी जुना बेवडा."

मी पुढच्या सीटवर तिघांच्या मध्ये चेपून बसलो. गिअरचा दांडा प्रत्येक चढावर माझ्या गुडघ्यावर आपटत होता. रागवायचा हक्क मला नव्हता, म्हणून जास्तच राग येत होता. माझा लेख त्या जीपमधल्या एकानेही वाचलेला नसणार. पण त्यातलं खोटं इथे आधीपासून तोंडोतोंडी फिरत होतं, कारण गाठ सोमाची हे लिहिण्याआधी मी इथे बोललो होतो.

फाट्यावर पाड्याच्या रस्त्याचा फलक आहे. फलकावर रस्ता पूर्ण झालेला आहे. जमिनीवर तो ओढ्यापर्यंत येऊन थांबतो. पुढे पाऊलवाट. ती चढताना मी तीनदा बसलो. तिसऱ्यांदा जिथे बसलो तो खडक मी ओळखला आणि लगेच उठलो.

सोमा अंगणातल्या खळ्यावर वरई पाखडत होता. वाळलेला, काटक, केस पांढरे. मला बघून सूप खाली ठेवलं आणि म्हणाला, "गुरुजी, तू म्हातारा झालास." (इथे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात कमीपणा नसतो. शिक्षक असताना हे समजायला मला वर्ष लागलं होतं.) जानी घरातून पाणी घेऊन आली. लोटा डाव्या हातात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे मला तिने दारावरची माळ बाजूला सारली तेव्हा दिसलं. ती माळही तिने लोटा धरलेल्या डाव्याच हाताने सारली.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि मिरचीचा ठेचा होता. काल जे मागून मिळालं नाही ते आज न मागता पुढ्यात आलं. जानी बोलत होती. मुलगा काशिनाथ आश्रमशाळेत शिपाई झाला, सुट्टीत घरी आलाय, सून अंगणवाडीत आहे. मग बोलता बोलता नवऱ्याकडे मान झटकून म्हणाली, "याला मी अजून बोलंते गुरुजी. शेळीचं दावंही याला बांधू देत नाय. मीच बांधंते."

सोमा भाकरी मोडत राहिला.

मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं. वाचकांनाही त्याच क्रमाने सांगतो.

जानीला त्या वेळी दोन दिवस ताप होता, शुद्ध हरपत होती. तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. झोळी बांधायचं काम पाड्यात सोमाचंच असे. कोणाला साप चावो, कोणाचं पोट दुखो, बोलावणं त्याला. त्याने जानीचंच एक जुनं लुगडं आणलं, धुऊन धुऊन विटलेलं, दोन ठिकाणी फाटलेलं. मला ते बघवेना. माझ्याकडे ठाण्याहून आणलेला नायलॉनच्या जाळीचा झुला होता, नवाकोरा. मी म्हटलं, हा घे, हा बैलालाही पेलेल. सोमा म्हणाला, "हा सरकतो. लुगडं बांबूला धरून बसतं." मी त्याला ताकदीचा हिशेब शिकवला. त्याने बांधायला नकार दिला. मग मीच बांधला. शाळेत असताना स्काउटमध्ये मी आठ प्रकारच्या गाठी शिकलो होतो आणि त्या दिवसापर्यंत त्यातली एकही कुठे वापरलेली नव्हती. सोमाबरोबर झोळी उचलणारा दुसरा खांदेकरी तेव्हा पाणी भरून घ्यायला गेला होता. त्याने पाहिलं नाही. जानीला शुद्ध नव्हती.

ओढ्याच्या उतारावर बांबू तिरका झाला आणि गाठ सरकत सरकत टोकाला जाऊन सुटली.

दवाखान्यात डॉक्टर खांद्याचं मोडलेलं हाड बघून चिडले. कोणी बांधली होती म्हणून विचारलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. मी सोमाकडे बघितलं. एवढंच. पाड्यावर परतल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा मात्र शब्द काढले: गाठ सोमाची होती. मोहाचा वास तर मी ठाण्यात टेबलाशी बसून घातला. वाक्य जरा रंगलं असं वाटलं होतं.

माझं सांगून झालं. खळ्यावर कोंबड्या वरई टिपत होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही. जानीने नवऱ्याकडे बघितलं.

"मंग तू बोलला का नाय?"

"बोललो. तू म्हणालीस, गुरुजी कशाला खोटं बोलंल."

ती उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी सोमाला म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, "मला पुन्हा कोणी बोलावलं नाय झोळीला." माफीबद्दल तो काही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

जानी बाहेर आली ती ठरवूनच. म्हणाली, "आमच्या अंगणात बोललास, अंगणातच राहील. उद्या मोखाड्याचा बाजार हाय. फाट्यावर सगळी माणसं गाडीला उभी असतात. तिथं तुला झोळीतून नेऊ. गाठ हा मारील."

मी म्हटलं, मी चालत जाऊन सगळ्यांना सांगतो.

"सांगून तर तू आधीबी गेलास," ती म्हणाली.

सकाळी सोमाने अंगणात दोन वस्तू ठेवल्या. एक माझी निळी पिशवी, दुसरं जानीचं जुनं लुगडं. "कशात जासील?"

दुकानातल्या तीन प्रकारांत मी तासभर घोळ घातला होता. इथे वेळ लागला नाही. लुगड्याला हात लावला. सोमाने त्याची दोन्ही टोकं पाण्यात बुडवून पिळली. ओलं सूत बांबूला चावतं, हे त्याने मला सांगितलं नाही, काशिनाथला सांगितलं. मग टोकाचा पीळ बांबूभोवती दोनदा फिरवून स्वतःखालीच दाबला. चाळीस वर्षांत बांधली नव्हती, पण बोटं कुठे थांबली नाहीत. एकेका गाठीला लोंबकळून बघितलं आणि मला मानेने खूण केली.

आत शिरलो. हॉटेलातल्या झुल्यासारखा खचलो नाही. लुगड्याने मला दोन्ही बाजूंनी धरलं, पाठ सरळ राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला जमेल असा झुला मिळाला आणि त्यात मी लाजेने डोळे मिटून पडलो होतो. काशिनाथ पुढे, शेजारचा एक गडी मागे. दोघे माझ्या वजनावरून सारखे बोलत होते. गडी म्हणाला, "ठाण्यात काय खातात रं हे?" काशिनाथ म्हणाला, पेन्शन.

उतारावर बांबू तिरका झाला. मी लुगड्याचा काठ मुठीत आवळला. गाठ जिथे होती तिथेच राहिली. सोमा बाजूने चालत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, डोळे गाठीवर होते.

फाट्यावर तीसेक माणसं होती. टोपल्या, कोंबड्या, पिशव्या. आधी वाटलं म्हातारा आजारी आहे, म्हणून सगळे बाजूला झाले. मग जानीने डावा हात वर करून सांगितलं की ही सोमाची गाठ, आणि मला पाडलं ती या गुरुजीची होती, आता हाच सांगेल. मी झोळीतूनच सांगितलं. उताण्या माणसाचा आवाज फार लांब जात नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. कोणी हसलं, एका म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. माझा एक जुना विद्यार्थी गर्दीत निघाला. आता त्यालाही नातवंडं आहेत. त्याने मला झोळीतून उठायला हात दिला नाही. सोमानेच दिला.

जीप आली. तोच ड्रायव्हर. त्याने गर्दीकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली, माझ्याकडे बघितलं, सोमाकडे बघितलं. मग टपावर भाजीच्या टोपल्या चढवणाऱ्या गड्याला ओरडला, "घट्ट आवळ. गुरुजीची गाठ नको मारू."

सोमा हसला. मागचे दोन दात नाहीत, ते मला तेव्हाच दिसलं.

घरी आल्यावर सुनेने झुल्याबद्दल विचारलं. सांगितलं, मोखाड्याला दिला. निघताना जानीने तो हातात घेऊन ताणून बघितला होता आणि भोपळे टांगायला बरा आहे म्हणून ठेवून घेतला होता. गॅलरीत आता मी खुर्चीवर बसतो. पाठ दुखते.

तो जुना अंक ज्यांच्या घरी अजून असेल त्यांना एक विनंती आहे. झोळीच्या प्रसंगाचं पान उघडा, मोहाच्या वासाच्या वाक्यावर पेनने रेघ मारा आणि वर लिहा: गाठ लेखकाने मारली होती.