ताईचे पक्के टाके

रेनकोटच्या कारखान्यात ताईचं अर्धं आयुष्य गेलं. तो बंद पडल्यावर काम मिळालं ते एका फोटो स्टुडिओत, आणि कामही कसलं, तर जिवंत माणसाला वेलीपानांसकट पारदर्शक प्लास्टिकमध्ये शिवून टाकायचं! मग फोटोवाल्या बाई त्याचे फोटो काढणार आणि लोक ते भिंतीवर लावणार. ताईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. टाके मात्र असे घालायची, की कोणाच्या बापाला उसवता येऊ नयेत.

त्या दिवशी ठरलेली मुलगी आलीच नाही, आणि ताईची धाकटी बहीण हौसेने उभी राहिली. आईमागे ताईनेच तिला वाढवलेलं. पोरगी भारी हट्टी, मेली तरी "पुरे" म्हणायची नाही.

डोक्यावरूनही प्लास्टिक, तोंडात श्वासाची नळी, म्हणजे बोलायची सोय नाही. म्हणून एका बाहीचं तोंड उघडं ठेवून बाहेर आलेल्या हातात लाल चेंडू द्यायचा. जीव घाबरला की तो खाली टाकायचा, की लगेच ताई कात्री चालवणार. बाहीचं तोंड फोटोत वेडंवाकडं दिसत होतं. बाई म्हणाल्या, बंद करा. ताईने चेंडूसकट हात आत घेऊन घाईघाईने दोन टाके मारले.

दिवे लागले. आतून वाफ धरली, पानं गालांना चिकटली. ताईची नजर चेंडूवरून हलत नव्हती.

"आहे ना चेंडू?" कॅमेऱ्यातून डोळा न काढता बाईंनी विचारलं.

"आहे," ताई म्हणाली. आत्ताच कापलं तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाणार, आणि धाकटी महिनाभर तोंड फुगवून बसणार.

मग तिला धाकटीचे पाय दिसले. लहानपणी डॉक्टरांनी सुई काढली की ही हूं की चूं करायची नाही, फक्त पायाची बोटं आवळायची. ती आत्ता आवळलेली होती.

ताईने गळ्यापासून कात्री चालवली. बाई ओरडत राहिल्या. धाकटी खोकत, धापा टाकत खाली बसली. भीतीने ताईचा आवाज चढला.

"कसला गं हा हट्ट? चेंडू टाकायला काय झालं होतं?"

"टाकला होता, ताई," धाकटी कशीबशी म्हणाली. "केव्हाच टाकला होता."

ताईने बाहीकडे पाहिलं. चेंडू हातातून सुटून बाहीच्या शिवलेल्या टोकाशी अडकून बसला होता. तिचा एकही टाका उसवला नव्हता.