चार टिंबांची करवत

ज्या घरातला पुरुष काहीतरी जमवत असतो, त्या घरातल्या बाईकडे आपोआप किस्से जमतात. ह्यांनी करवती जमवल्या, मी किस्से जमवले. फरक एवढाच, की माझ्या किश्श्यांना गंज चढत नाही आणि ते पुसायला रॉकेल लागत नाही. शहापूरला आमच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा करवतींनी भरलेली भिंत बघून दारातच थांबतो. मग मी चहा टाकते आणि सुरू होते.

*

पहिली करवत आली तो रविवार होता. माझा भाऊ आणि वहिनी जेवायला यायचे होते, म्हणून ह्यांना मटण आणायला पाठवलं होतं. हे आले ते दुपार टळल्यावर. पिशवीत मटण नाही, एक गंजलेली करवत! भंगारवाल्याकडे दिसली म्हणे. मी म्हटलं, "हिचं कालवण करू की सुकं?"

हसले नाहीत. ओलं फडकं घेऊन मुठीजवळचं पातं पुसत बसले. पुसून झाल्यावर उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "नाय गो. ही त्यांची नाय."

तेव्हा कुठे मला कळलं. माझे सासरे लोहार. हे शाळेत असतानाच ते गेले, मी काही त्यांना बघितलं नाही. त्या काळी शहापुरात लाकडाच्या वखारी जोरात चालायच्या. वखारीतल्या मशीनच्या करवतीचा लांब पट्टा तुटला, की त्याचे तुकडे सासरे घरी आणायचे. ते कापायचे, कानशीने एकेक दात काढायचे आणि हातकरवतीची पाती करायचे. प्रत्येक पात्यावर मुठीजवळ चार टिंबं ठोकायचे. तीन एका ओळीत आणि चौथं जरा खाली. ती त्यांची खूण.

त्या करवती शहापूर-मुरबाडच्या गावागावांत गेल्या आणि आमच्या घरात एकही राहिली नाही. विकायच्या मालातलं घरात कोण ठेवतो? पुढे कल्याणच्या बाजारातून तयार करवती यायला लागल्या, आणि ह्यांच्या चुलत्यांनी ऐरण, भाता सगळं मोडीत काढलं. सासऱ्यांचा फोटोसुद्धा कुणी काढलेला नाही. ह्यांना वडिलांच्या हातची एक करवत पाहिजे होती, बस्स. बाकीच्या सगळ्या त्या एकीच्या नादात आल्या.

भावाला त्या दिवशी पिठलं वाढलं. तो अजून ऐकवतो.

*

ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त जगनभाऊ मुरबाडला एसटीत कंडक्टर. ह्यांनी त्याला चार टिंबांचं सांगितलं आणि तिथेच घात झाला. जगनभाऊ तिकीट देता देता प्रत्येकाला विचारायला लागला, घरी जुनी करवत आहे का म्हणून.

एकदा एका गावात स्टॉपशेजारच्या पडवीत टांगलेली करवत त्याला खिडकीतून दिसली. त्याने घंटी मारली, उतरला आणि गेला आत. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. कंडक्टर कुठे अडकला ते बघायला दोन पॅसेंजर उतरले, त्या दोघांना बोलवायला आणखी चार. शेवटी ड्रायव्हर स्वतः गेला, तर अर्धी गाडी अंगणात बसून पातं हातोहात फिरवत होती आणि जो तो आपलं मत देत होता. टिंबं कसली, ती गंजाने पडलेली भोकं होती.

गाडी सुटली तशी मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, माझ्या घरी बी एक हाय. जरा आत घे ना गाडी, रस्ता चांगला हाय."

गाडी काही त्याने आत घेतली नाही, पण सुट्टीच्या दिवशी सायकल मारत तिच्याकडे गेला. तिच्या करवतीवरही टिंबं नव्हती. पण म्हातारीने चहा पाजला, वर पोहे खायला घातले, आता नको कसं म्हणायचं? आमच्या भिंतीवरच्या निम्म्या करवती या 'नको कसं म्हणायचं'वाल्या आहेत.

*

या नादातले तिसरे आमचे गायकवाड सर, मुरबाडच्या शाळेतले. माणूस सोन्यासारखा, पण हाताला स्वस्थता नाही. दिसली वस्तू की कर साफ. एकदा ह्यांना खिनवलीकडून एक करवत मिळाली. पातं गंजाने पार काळं झालेलं, पण मुठीजवळ बोट फिरवलं की काहीतरी खडबडीत लागायचं. ह्यांनी आठवडाभर तिला हात लावला नाही. घाबरत होते, मला दिसत होतं. रविवारी सगळ्यांनी मिळून बघू म्हणाले.

शनिवारी सर आमच्याकडे आले तेव्हा हे ड्युटीवर, आटगावच्या कारखान्यात. सरांनी पॉलिश पेपर घेतला आणि मित्राला खूश करायचं म्हणून तासभर करवत घासली. आरशागत लख्ख केली. मी भाजी आणायला गेले होते, नाहीतर आडवी पडले असते. संध्याकाळी हे आले, त्यांनी मुठीजवळ बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत.

सरांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. पॉलिश पेपर हातात तसाच धरून बसले. मी मनात म्हटलं, आता ह्यांची दोस्ती संपली.

हे करवत खिडकीशी घेऊन गेले, दात निरखून बघितले आणि म्हणाले, "सर, ही बाबांची नव्हतीच. बाबा एवढे बारीक दात काढत नसत."

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला, मग चहा घेतला आणि घरी गेले. बाबा गेले तेव्हा हे हाफ चड्डीत होते. दात बारीक की मोठे ते ह्यांना काय आठवणार होतं! त्या रात्री जेवताना मी ह्यांना न विचारता भाकरीवर तूप जास्त वाढलं.

*

एकदा तिघं मुरबाडकडून जीपने परत येत होते आणि गोणीत सहा करवती होत्या. वाटेत जंगल खात्याच्या गार्डने जीप थांबवली. आता जंगलाच्या रस्त्याला, गोणीत सहा करवती घेऊन तीन दणकट पुरुष! त्याने गोणी उघडली आणि विचारलं, "लाकडं कुठं लपवलीत?"

हे म्हणाले, आम्ही लाकडं कापत नाही, करवती जमवतो. सर म्हणाले, मी शिक्षक आहे. जगनभाऊ म्हणाला, मी सरकारी माणूस आहे. गार्डला एकाचंही पटेना. करवत घेऊन लाकूड न कापणारा माणूस त्याने जन्मात बघितला नव्हता. शेवटी त्याने एक वाळकी फांदी आणली आणि म्हणाला, कापून दाखवा. तिघांनी आळीपाळीने सहाही करवती चालवल्या. फांदीला नुसते ओरखडे पडले. जगनभाऊच्या करवतीची तर मूठच हातात आली.

गार्डला इतकं हसू आलं, की तो दगडावर बसला. म्हणाला, जा बाबांनो, तुमच्यापासून जंगलाला काही भीती नाही. मग हसू ओसरल्यावर सहज विचारलं, की नेमकं शोधताय तरी काय. ह्यांनी मातीत बोटाने चार टिंबं काढून दाखवली. तीन ओळीत, एक खाली.

गार्ड वाकून बघत राहिला. म्हणाला, "अशी एक सिद्धगडाखाली हरीबाबाकडं हाय. म्हातारा रोज वापरतो."

*

हरीबाबाकडे हे दुसऱ्याच दिवशी गेले, कामावर खाडा करून. म्हातारा अंगणात कुंपणाची मेढ कापत बसला होता. ह्यांनी करवत मागून घेतली. मुठीजवळ टिंबं होती, चारही. ह्यांनी सांगितलं, ही माझ्या वडिलांनी केलेली आहे. मला द्या, पाहिजे तर हिच्या बदल्यात दोन नव्या आणून देतो.

हरीबाबाने करवत परत मागून घेतली. "पातं तुझ्या बापाचं, कबूल," तो म्हणाला. "पन मूठ माझ्या बापाची हाय. ती कशी देऊ?"

खरंच होतं ते. लोहार नुसतं पातं विकायचा, मूठ ज्याची त्याने आपल्या हाताच्या मापाने करून घ्यायची. हरीबाबाच्या बापाने शिसवीची केली होती, आणि ती दोन पिढ्यांच्या हाताने झिजून अशी झाली होती, की दुसऱ्या कुणाच्या हाताला बसायची नाही.

पण म्हाताऱ्याने ह्यांना उपाशी जाऊ दिलं नाही. जेवताना म्हणाला, की तो पोरगा असताना बापाबरोबर म्हशाच्या जत्रेत गेला होता, तिथे हे पातं घेतलं. लोहाराने आधी बापाचा हात मागितला, तळवा उलटा-सुलटा करून बघितला, आणि मगच ढिगातून एक पातं काढून दिलं. उंच होता म्हणे लोहार. बोलायचा कमी.

हे घरी आले आणि मला एवढंच म्हणाले, "बाबा उंच होते." हे मात्र बुटके. त्यांच्या आईवर गेलेले.

त्यानंतर दर वर्षी पाऊस संपला, की हे कानस घेऊन सिद्धगडाखाली जायचे आणि त्या करवतीला धार लावून द्यायचे. एकदा मीही गेले होते बरोबर. तीन तासांच्या खटाऱ्यातल्या प्रवासात माझी पाठ मोडली, पण हे ओट्यावर बसून एकेक दात घासत होते आणि म्हातारा शेजारी बसून बघत होता. मला एवढं बरं वाटलं, की मी पाठीचं काही बोलले नाही.

*

पुढे आमच्या मुलीला, वंदूला बघायला लोक यायला लागले. पहिल्या पाहुण्यांनी भिंत बघितली आणि पोह्यांना हात न लावता निघून गेले. कुणीतरी नंतर सांगितलं, की मुलाची आई घाबरली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मी सगळ्या करवतींवर चादर टाकली. मुलाचे आजोबा सुतार निघाले! त्यांनी चादरीखालून डोकावणारी एक मूठ ओळखली, उठले, चादर ओढली आणि पुढचा तासभर ह्यांच्याशी बोलत उभे राहिले. मुलीला कुणी काही विचारलंच नाही. लग्न ठरलं.

मांडव घालायच्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. मुहूर्तमेढीसाठी उंबराची फांदी कापायची होती. जगनभाऊ कोयता घेऊन निघणार, तेवढ्यात फाटकात हरीबाबा. पहाटेची जीप धरून आला होता. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने ह्यांच्या हातात दिलं.

आत पातं होतं, चार टिंबांचं. मूठ नव्हती, नुसतं मुठीत जाणारं लोखंडी शेपूट.

"मुठीला बाजारातलं नवं पातं बसवलं," हरीबाबा म्हणाला. "कापतंय बरं. जत्रंत माझ्या बापानं घेतलं तवा हे असंच होतं. घे, तुझ्या बापाचं."

ह्यांनी चारही टिंबांवरून बोट फिरवलं. गायकवाड सर लांब जाऊन उभे राहिले. मला तर रडूच आलं, बायकांना वाटलं मुलगी सासरी जाणार म्हणून. जगनभाऊने कोयता पुढे केला, तो ह्यांनी घेतला नाही. शेपटाला रुमाल गुंडाळला आणि सासऱ्यांच्या करवतीने नातीच्या मांडवाची फांदी कापली. फांदी एका दमात आली. येणारच, गेल्याच मोसमात ह्यांनी धार लावली होती.

आता ते पातं भिंतीवर मधोमध असतं. बाकी सगळ्या करवतींना मुठी आहेत, त्या एकीलाच नाही. परवा जावयाचा एक मित्र आला होता, त्याने बरोबर तिच्यावरच बोट ठेवलं. म्हणाला, काका, हिला मूठ नाही बसवली?

हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मूठ आहे ना. सिद्धगडाखाली आहे."