एक्केचाळीस सायटेशनची हळद

आमच्या महाविद्यालयात माणसाची किंमत सायटेशनवर ठरते. म्हणजे तुमच्या संशोधनाचा हवाला दुसऱ्या किती जणांनी आपल्या लेखात दिला, तो आकडा. लेख कुणी वाचला का, हे विचारायची पद्धत नाही. मी इथली ग्रंथपाल. दरवर्षी हा तक्ता मीच भरते, म्हणून छातीठोकपणे सांगते.

प्राचार्य शरच्चंद्र सरांचे लेख एकशे बारा. सर रसायनशास्त्राचे, पण वनस्पती, भूगोल, एवढंच काय, खेळ विभागाच्या गुडघेदुखीवरच्या लेखातही त्यांचं नाव असतं. लेख छापायचा तर वर सरांचं नाव आणि खाली सरांच्याच पाच लेखांचे हवाले, हा आमच्याकडचा रिवाज. जेवायच्या आधी हात धुवावेत तितक्या सहज लोक तो पाळतात.

या सगळ्यात तरन्नुम शिकलगार वेडी. विषय पेशीशास्त्र. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी पीरमहंमद चाचा, त्यांची ही मुलगी. अकरा वर्षं ती हळदीच्या मुळांची टोकं कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत होती. कुठली विभागतेय, कुठली नुसती बसून आहे. नुसतं बसलेल्यांचाच अभ्यास करायचा तर स्टाफरूम जवळ होती, पण ते असो. एवढ्या खटाटोपातून लेख निघाले चार.

त्यातला एक मात्र तुफान चालला. राजापुरी जातीच्या हळदीच्या पेशी सेलम जातीपेक्षा झपाट्यानं विभागतात, असं तिनं त्यात दाखवलं होतं. एक्केचाळीस सायटेशन! सरांच्या स्वतःच्या एकाही लेखाला एवढी नव्हती. अर्थात याही लेखावर पहिलं नाव सरांचंच होतं. सहा वर्षं रखडलेलं तरन्नुमचं सहयोगी प्राध्यापकपद या आकड्यावर जवळजवळ ठरलं होतं. मुलाखत पुढच्या महिन्यात होती.

आणि नेमकं तेव्हाच बाईंना प्रयोगासाठी नवं बेणं, म्हणजे लावणीचे गड्डे, हवे झाले. सेलमचे गड्डे ती हळद संशोधन केंद्रातून आणायची, राजापुरीचे वडिलांच्या दुकानातून. या खेपेला दुकानाला पहिल्यापासून बेणं पुरवणारे इस्लामपूरकडचे शेतकरी, भाऊसो, स्वतःच पोतं घेऊन प्रयोगशाळेत आले. मी रजिस्टरवर सही घ्यायला तिथंच उभी होते.

"राजापुरीच ना?" तिनं सहज विचारलं.

"न्हाई वो म्याडम, सेलम हाय. आमी कवाच राजापुरी लावली न्हाई."

"पण अब्बा तर..."

"आवं, चाचांच्या दुकानात चांगली दिसंल ती समदी राजापुरीच! गिऱ्हाइकाला त्योच शब्द ठावं हाय."

तरन्नुम स्टुलावर बसली. म्हणजे तिचा सर्वांत गाजलेला शोध असा होता की, सेलम ही सेलमपेक्षा वेगानं वाढते. यार्डातलं बेणं ताजं आणि केंद्रातलं जुनं, फरक एवढाच. आणि एक्केचाळीस विद्वानांनी त्याला माना डोलावल्या होत्या! मला हसू आवरेना. मग तिचा चेहरा बघितला आणि हसल्याची लाज वाटली.

लेख मागे घ्यायचं पत्र तिनं त्याच दुपारी लिहिलं. मी म्हटलं, "अगं, मुलाखत तरी होऊ दे."

"क्षमाताई, आज एक्केचाळीस जण फसलेत. महिन्याभरानं बेचाळीस होतील."

पत्रावर सरांचीही सही लागत होती. सर म्हणाले, "कशाला उगीच मॅडम? लेख काय कुणी वाचतं का?" संशोधनाबद्दल सर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले. शेवटी मीच ते पत्र सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवलं. सरांनी न वाचताच सही ठोकली. लेख तरी कुठं वाचला होता?

लेख मागे घेतला गेला. मुलाखतीच्या दिवशी तरन्नुमच्या रकान्यात नऊ सायटेशन उरली होती, आणि पद गेलं गुडघेदुखीवाल्यांना. मागे घेतलेल्या लेखाचे हवाले मात्र थांबेनात! ते त्रेपन्नवर गेले. कुणी उघडून बघतच नाही, तर थांबणार कसे? गॅदरिंगला सरांना त्याच लेखासाठी शाल मिळाली. तरन्नुमनं टाळ्या वाजवल्या. मला इतका राग आला, की तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

'ती राजापुरी नव्हती' असं सांगणारा दुरुस्तीचा लेख तिनं पुढं छापला. त्याचा हवाला कुणीही दिला नाही.

परवा यार्डात हळद आणायला गेले. चाचांच्या दुकानावरची 'अस्सल राजापुरी' ही चाळीस वर्षांची पाटी खाली उतरवून भिंतीला टेकवली होती. पोत्यांवर खडूनं नावं लिहिली होती. सेलम, सेलम, पुन्हा सेलम. कोपऱ्यातल्या एकावर होतं, 'म्हाईत न्हाई'.

"चाचा, हे काय?"

"पोरीनं येवढा मोठा कागद मागं घेतला, ताई. मला एक पाटी जड हाय व्हय?"

यंदाच्या तक्त्यात तिच्या दुरुस्तीच्या लेखापुढं मी सायटेशनचा आकडा लिहिलाय, एक. समितीला पुरावा हवा असेल तर यार्डात यावं आणि कोपऱ्यातलं पोतं बघावं.