कोयता ठिव खाली

"कोयता ठिव खाली, मग बोल."

समोरच्या गड्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता दिसला, की आत्याचं बोलणं इथून सुरू व्हायचं. उजवा हात पुढे, तळवा वर, जसा काही प्रसाद घ्यायचा आहे. गडी कितीही दांडगा असो, आधी तो हसायचा, मग इकडेतिकडे बघायचा आणि शेवटी कोयता काढून तिच्या हातात द्यायचा. ती तो जमिनीवर ठेवायची, त्याच्या शेजारी बैठक मारायची आणि म्हणायची, "हां. आता बोल, काय म्हनतुयास."

हातात हत्यार असलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, असं तिचं मत होतं. ते चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझं दुकान म्हणजे वेल्ह्याच्या बाजारापासून आत डोंगरात, एसटी सोडून बरंच चालायला लागेल अशा गावातली एक ओसरी, तिच्यावर शिलाई मशीन आणि मागच्या भिंतीला खिळे. आमचं मूळ गाव पानशेतच्या धरणात गेलं. पाण्यानं गाव घालवलं म्हणून मी मशीन डोक्यावर घेऊन इथं आलो, आणि बघतो तर चैत्र लागला की बायका हंडाभर पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरतायत. देवाची वाटप करायची पद्धत मला अजून उमगलेली नाही.

आत्या गावची लेक. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी धाकट्या भावाकडे परत आलेली. सुना डोक्यावरचा पदर सांभाळत चावडीसमोरून खालमानेनं जात, तिथं ही भर चावडीत उभी राहून पोलीस पाटलांना "पाटील, तुमचं चुकतंय" म्हणायची. गावच्या लेकीला ती मुभा असते. म्हणूनच सगळं गाव तिला आत्या म्हणे आणि कुणी अहोजाहो करत नसे. मीही करत नाही. तुम्ही ते उद्धटपणा समजू नका.

तुम्ही सखल मुलखातले असाल तर राब म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजतात. झाडांच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरायच्या, वर शेण, पाचोळा, माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. माती भाजली की तण मरतं आणि रोप दाट येतं. फांद्या सगळ्यात चांगल्या ऐनाच्या. आणि ऐन होते उंबरपाण्यावरच्या उतारावर.

उंबरपाणी म्हणजे उंबराच्या मुळाशी निघणारा गावाचा झरा. त्याच्या वरचा उतार सगळ्यांच्या सामाईकीत. सामाईक वस्तूला माणूस पहिला हात घालतो आणि स्वतःची मागे राखतो, हे तुम्हीही आपापल्या गल्लीत पाहिलं असेल. दर माघ-फाल्गुनात गावचे सगळे कोयते आधी त्या उतारावर चढत. झाडांचे नुसते खांब उरत.

"म्या लगीन होऊन गेले तवा उंबरपाणी मिरगापतुर चालायचं," आत्या सांगायची. "परत आले तर शिमग्यालाच आटतंय. मधी दुसरं काय बदललं ते सांगा. डोंगूर हाय तितंच हाय."

हे ती विहिरीवर, जात्यावर, माझ्या ओसरीवर, जिथं माणूस सापडेल तिथं सांगायची. शेवटी एकदा चावडीवर बैठक बसली. उताराला काही वर्षं हात लावू नये, हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटलं. पण पाळणार कोण? तेव्हा पाटलांनी एक सोपी तोड काढली. आमच्या देवीची राई गावाबाहेर आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही.

"आत्या, तुझ्या अंगात येऊ दे एकदा," पाटील म्हणाले. "देवी म्हनली, उतार माझा. चार दगडांना शेंदूर फासू. काम फत्ते. कुनाची टाप हाय कोयता लावायची?"

लोक माना डोलवायला लागले. मलाही ही तोड बेस वाटली. आत्या मात्र बसल्या जागी ताठ झाली.

"आन् देवीचं झाल्यावर बौद्धवाडीनं पानी कुठनं घ्यायचं?"

पाटील म्हणाले, "घेत्यात तिथनंच घेतील की. खालच्या वगळातनं, वरचं वाहून येतंय तिथनं."

"आत्ता वगळातनं घेत्यात. देवीचं झालं म्हंजी तुमी त्यांना वगळाजवळबी फिरकू देनार न्हाई. उतार राखायचा तर समद्यांनी राखायचा, आन् पानी प्यायचं तर समद्यांनी वरनं प्यायचं. माज्या अंगात काय येत न्हाई, पाटील. आलं तर येवढंच येतंय."

बैठक तिथं मोडायची वेळ आली होती. दोघं-तिघं उठलेसुद्धा. पण फुकटचं पाणी कुणाला नको होतं? घोळत घोळत ठरलं ते असं. उन्हाळाभर रोज एका घरानं उतार राखायचा. एक काठी घरोघर फिरेल. संध्याकाळी ज्याच्या दाराशी काठी उभी, त्याची दुसऱ्या दिवसाची पाळी. वणवा दिसला तर हाळी घालायची, कोयता दिसला तर काढून घ्यायचा. काढून घेतलेला कोयता माझ्या दुकानात खिळ्याला टांगायचा आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकानं तिथूनच न्यायचा. माझं दुकान का, तर गावातली सगळी माणसं कधी ना कधी तिथं माप द्यायला येतात आणि कोयता कुणाचा ते मुठीवरून ओळखतात. मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात माझी भिंत भरली. मी पाठमोरा बसून सदरे शिवायचो आणि मागे ओळीनं कोयते. नवीन गिऱ्हाईक दारातच थबकायचं.

आत्याचं कापडाशीही काम असायचं. "शिंप्या, चिंध्या काढ." त्या चिंध्यांच्या तिनं माझ्याकडून पिशव्या शिवून घेतल्या, अर्थात फुकट. गुरांमागे जाणाऱ्या बायकांच्या कमरेला त्या बांधल्या. त्यात जांभळाच्या, हिरड्याच्या बिया. काठीचं टोक रुतवायचं, बी टाकायचं, पायानं माती लोटायची. किती रुजल्या, कुणी मोजल्या नाहीत. बऱ्याच शेळ्यांच्या पोटात गेल्या. आत्या त्यावर म्हणायची, "शेळी तरी कुठं परकी हाय."

काठीची गोष्ट मात्र सांगायला हवी. पाटलांच्या घरानंतर पाळी बौद्धवाडीतल्या पहिल्या घराची. पाटलांनी काठी नेली आणि वाडीच्या तोंडाशी, बांधाला टेकवून परत फिरले. दुसऱ्या दिवशी उतारावर कुणीच नव्हतं. आत्या तरातरा वाडीत गेली. त्या घरातली बाई भाकऱ्या थापत होती. तिनं हातही थांबवला नाही.

"दाराशी काठी ठिवायची ठरलंया, आत्या. बांधावरची काठी आमची न्हवं."

"बराबर हाय," आत्या म्हणाली आणि तशीच पाटलांकडे आली. मी तिथं त्यांच्या कोटाला बटण लावत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

"पाटील, काठी चुकीच्या जागी ऱ्हायली. उचलून दारात ठिवा."

"कुनाला तरी सांग की."

"तुमच्या पाळीची काठी हाय. तुमचाच हात लागंल."

पाटील गेले. लोक बघत होते, त्यामुळे सावकाश गेले. काठी उचलून दाराशी उभी केली. बाई बाहेर आली आणि म्हणाली, "च्या टाकू का?" पाटील म्हणाले, "फिरून कवातरी." त्या संध्याकाळी वाडीतल्या बायका पहिल्यांदा वरच्या उंबराखाली हंडे लावून उभ्या राहिल्या. कुरकुर झाली, पण पाळी करणाऱ्याला पाणी नाकारणार कसं? पुढे कधीतरी पाटलांनी तो चहा घेतला म्हणतात. मी पाहिलेला नाही, तेव्हा खात्री देत नाही.

आता भावाकडे येतो. मघापासून मी टाळतोच आहे.

भाऊ भला माणूस. आक्का म्हणेल ते करणारा. फांद्यांशिवाय राब होतो, हे दाखवायला आत्यानं त्याच्याच वाफ्यावर गवत, पाचोळा आणि शेण जाळलं. माती नीट भाजली नाही. रोपापेक्षा तण जास्त आलं. लावणीला भावाला रोप कमी पडलं आणि त्यानं दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन रोप मागून आणलं. शेतकऱ्याला याच्यासारखी नामुष्की नाही. पुढच्या खेपेला आत्यानं शेण वाढवलं, तरी रोप विरळच. गाव हसलं ते भावाला.

त्याच्या पुढच्या फाल्गुनात तो कोयता घेऊन उतारावर चढला. त्या दिवशी पाळी त्यांच्याच घराची होती, आणि घरातून पाळीला गेली होती आत्या.

तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आत्या दुकानात आली तेव्हा तिच्या हातात भावाचा कोयता होता. मूठ शिसवी, त्यांच्या वडलांच्या हातची. तिनं स्वतः तो खिळ्याला अडकवला.

"आत्या, भावाचा आहे," मी म्हणालो.

"मला दिसतंय कुनाचा हाय त्यो."

मग ती ओसरीच्या पायरीवर बसली. मी मशीन चालवली नाही.

आखितीला सगळे आपापले कोयते घेऊन गेले. भाऊ आला नाही. "आक्कानं टांगलाय, आक्कानंच आनून द्यावा," असं तो कुणाजवळ बोलला. आत्या म्हणाली, "ज्याचा कोयता त्यानं न्यावा. समद्यांना एकच." भावानं तिला घराबाहेर काढलं नाही, तसला तो नव्हताच. फक्त बोलणं टाकलं. एका घरात राहून कुणी बोलत नसेल तर भिंती अंगावर येतात. आत्यानं आपली चूल उचलली आणि परड्यातल्या गोठ्यात एका कोपऱ्यात मांडली. पलीकडे बैल, अलीकडे ती.

तुम्हाला वाटेल, थोड्या दिवसांत मिटलं असेल. नाही मिटलं. वर्षं गेली. भाऊ सकाळी गोठ्यात धार काढायचा आणि तांब्याभर दूध मेढीजवळ, गोठ्याच्या खांबाशी, ठेवून जायचा. ती दूध घ्यायची आणि तांब्या घासून तिथंच पालथा ठेवायची. एवढाच काय तो व्यवहार. मी दोघांनाही समजावून पाहिलं. भावाला म्हणालो, कोयता ने. तो म्हणाला, "कापड बघ आपलं." आत्याला म्हणालो, नेऊन दे. ती म्हणाली, "आज त्याला दिला तर उद्या भिंत कशाला पायजे तुजी?" तिचं बरोबर होतं. पण त्या बरोबरपणाची तिला काय किंमत पडत होती, ते मला दिसत होतं. माहेर म्हणून तिला दुसरं काहीच नव्हतं.

उतार मात्र भरत गेला. खांबांना फांद्या फुटल्या. राबाचंही हळूहळू जमलं. पाचोळा साठवून, थर जाड करून, बांधावरच्या स्वतःच्या झाडांच्या थोड्या फांद्या घालून लोकांनी निभावलं. दुष्काळाच्या सालात आजूबाजूच्या वाड्यांची टाकी कोरडी पडली तेव्हा उंबरपाणी चालू होतं. वाहत नव्हतं, ठिबकत होतं. हंडा भरायला जीव कंटाळून जाई, पण भरे. आत्याला कुणी काही म्हणालं की ती म्हणायची, "माझ्याकडं काय बघता? काठी कुनाच्या दाराशी हाय ते बघा."

ती गेली आषाढात. ताप आला आणि उतरलाच नाही. डोली करून वेल्ह्याला न्यायचं ठरेपर्यंत ओढ्याला पूर आला. पहाटे भाऊ धार काढायला गेला, तर आदल्या दिवसाचं दूध मेढीजवळ तसंच होतं.

आषाढात आमच्याकडे वाळलेलं लाकूड मिळणं मुश्कील. रचलेल्या मोळ्यासुद्धा भिजून जड झालेल्या. सरणाचं काय करायचं? पाटील म्हणाले, "उतारावर एक वठलेला ऐन हाय. हुबा हाय, आतनं कोरडा निघंल. तिनंच राखलाय, तिच्याच कामी येऊ द्या." बौद्धवाडीतले लोकही आले होते, तेही हो म्हणाले. चारजण कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले.

भाऊ वाटेत आडवा उभा राहिला. "तिथं न्हाई," एवढंच बोलला.

आणि तो माझ्या दुकानात आला. डोक्यावर इरलं, अंग भिजलेलं. "माजा कोयता दे."

घरात त्याच्याकडे दुसरा कोयता होता. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मी खिळ्यावरचा काढून दिला. गंजला होता. त्यानं तो माझ्या पायरीच्या दगडावर घासला आणि परड्यात जाऊन गोठ्याच्या बांधण्या सपासप तोडायला सुरुवात केली. वासे उतरवले, आडं काढलं, मेढी उपसल्या. आत्याच्या चुलीच्या धुरानं ते लाकूड काळं आणि खडखडीत वाळलेलं होतं. बैल त्यानं घराच्या सोप्यात आणून बांधले. वरून पत्रे धरून आम्ही त्या लाकडावर तिचं दहन केलं. चांगली जळली. पावसात असं होत नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर संध्याकाळी तो पुन्हा दुकानात आला. मी एक चोळी टाचत होतो. त्यानं कोयता त्याच खिळ्याला अडकवला, हलतो का ते बघितलं आणि पायरीवर, ती बसायची तिथं बसला.

मग तो बोलायला लागला. लहानपणी आक्कानं त्याला काखोटीला मारून उंबरपाण्यावर कसं नेलं होतं, तिथपासून. दिवेलागण झाली, बायको बोलवायला येऊन गेली, तरी तो बोलतच होता.